रिंग पेसरी: वस्तू चोख, तिच्यापर्यंतची वाट खडतर

बाळंतपणानंतर अंग बाहेर येऊ लागलं, म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशय योनीमार्गातून खाली सरकू लागलं, की शस्त्रक्रियेशिवाय ते आत धरून ठेवण्यासाठी योनीत जी रिंग बसवतात, तिचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो. वस्तू म्हणून रिंग चांगली आहे. बरोबर मापाची बसली तर खाली ओढ लागणं, चालताना काहीतरी घासणं, लघवीला बसलं तरी पुरती न होणं, हे सगळं त्याच दिवशी कमी होतं. पण औषधाचं परीक्षण करताना ते दुकानात मिळतं का हेही पाहावं लागतं. त्या कसोटीवर, महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या किंवा शहरातल्या वस्तीतल्या बाईच्या दृष्टीने, रिंगची सेवा नापास आहे. म्हणून इथे वस्तूबद्दल लिहिलं आहे आणि तिच्या वाटेत काय काय आडवं येतं त्याबद्दलही.

बांगडीएवढी गोल, लवचीक कडी, एवढंच तिचं रूप. काही रिंगा मधून मोकळ्या असतात, काहींच्या मध्ये भोकं असलेला पातळ पडदा असतो. मूत्राशय पुढून जास्त खाली येत असेल तर पडद्याची बरी पडते. बाजारात दोन प्रकार मिळतात. पीव्हीसीची पांढरी, कडक रिंग काही शे रुपयांत मिळते. बसवण्याआधी ती गरम पाण्यात ठेवून मऊ करावी लागते आणि साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावी लागते, कारण कालांतराने ती आणखी कडक होते आणि तिला वास धरतो. सिलिकॉनची रिंग महाग असते, पण ती सहज दुमडते, साध्या साबणाने धुता येते, उकळता येते आणि चिरा पडेपर्यंत वर्षानुवर्षं चालते. जिला स्वतः रिंग काढायची-घालायची आहे तिने सिलिकॉनचीच घ्यावी. कडक पीव्हीसी दुमडायला बोटांत बराच जोर लागतो आणि पहिल्याच प्रयत्नात बाई हात टेकते.

आता मापाचं. मापं ५० ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान येतात आणि बहुतेकींना ६० ते ८० मधलं काहीतरी लागतं. ऑनलाइन विकणारे माप विचारतात, ते कसं घ्यायचं हे मात्र सांगत नाहीत. अंदाजाने मागवलेली रिंग एक तर गळून पडते नाही तर टोचते, आणि मग ‘रिंग काही उपयोगाची नाही’ असं गावभर होतं. माप घरी घेता येत नाही. आधी लघवी करून यायची. तपासणारी व्यक्ती दोन बोटं योनीमार्गात घालते, त्यांची टोकं गर्भाशयाच्या मुखामागच्या खोलगट जागेत टेकवते आणि तिथपासून पुढच्या हाडाच्या मागच्या बाजूपर्यंतचं अंतर पाहते. रिंग त्या अंतरात बसायला हवी. ती दुमडून, जेली लावून आत सारतात, उलगडू देतात आणि चतकोर वळवतात, म्हणजे दुमडीची बाजू तोंडाशी येत नाही आणि रिंग सटकत नाही. मग रिंग आणि योनीची भिंत यांच्यामध्ये एक बोट सहज फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर रिंग मोठी आहे आणि काही आठवड्यांत ती जखम करणार. जेली पाण्यात विरघळणारी असावी. दवाखान्यात हाताशी असते ती बधिर करणारी लिग्नोकेन जेली वापरू नये, कारण चुकीच्या मापाची टोचणी तिच्याखाली झाकली जाते आणि घरी पोचल्यावर जाणवते.

खरी परीक्षा टेबलावरून उतरल्यावर सुरू होते आणि नेमकी तीच टाळली जाते. बाईला जोरात खोकायला सांगायचं. चालायला, जिना चढायला सांगायचं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून कुंथायला सांगायचं, आणि तिने लघवी केल्याशिवाय तिला घरी पाठवायचं नाही. परदेशी माहितीपत्रकांत खुर्चीसारखा संडास गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे बाई दिवसातून कितीतरी वेळा उकिडवी बसते: भांड्यांपाशी, चुलीपाशी, खुरपताना, संडासला. त्या बसण्यात पोटाचा सगळा दाब खाली येतो आणि एरवी नीट बसलेली रिंगही त्यातच निसटते. त्यामुळे ‘झोपून बरी वाटते’ याला मापाचा पुरावा धरू नये. बसून, कुंथून रिंग टिकली आणि आत काही आहे हे जाणवलंच नाही, तर माप जमलं. पहिल्या मापाला जमलं नाही तर पुढचं किंवा मागचं लावून बघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या मापाला जमणं अगदी नेहमीचं आहे.

याचा अर्थ दवाखान्यात एक रिंग असून भागत नाही, चार-पाच मापांचा संच हवा. उकळून किंवा ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) पुन्हा वापरता येणारा सिलिकॉनचा चाचणी-संच ठेवला तर रोज लागेल तेवढाच माल उघडावा लागतो. खर्च म्हणाल तर तो एका सोनोग्राफी मशीनच्या देखभालीपुढे काहीच नाही. तरी बहुतेक ठिकाणी संच नसतो. असली तर कपाटात एखादी पीव्हीसीची रिंग असते, ती बसली तर बसली, नाही तर ‘तुमचं रिंगने भागणार नाही, पिशवी काढावी लागेल’.

या वाक्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. गर्भाशय काढल्याने अंग खाली येण्याचं मूळ कारण जात नाही. बाळंतपणात ताणले किंवा तुटले गेलेले स्नायू आणि बंध तसेच राहतात. गर्भाशय काढतानाच आधार दुरुस्त केला नाही, तर काही वर्षांनी योनीचा वरचा घुमटच खाली यायला लागतो आणि त्या अवस्थेत रिंगही नीट टिकत नाही. तरुण बाईचं गर्भाशय राखून ते वर टांगण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. त्यातल्या दोन तर मुंबईच्या शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या नावांनी वैद्यकीय पुस्तकांत आहेत. तरीही पिशवी काढणं हेच पहिलं उत्तर म्हणून समोर येतं. बीडमधल्या ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत, २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार, ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्या सगळ्या शस्त्रक्रिया अंग बाहेर येण्याच्या तक्रारीसाठी झाल्या असं अजिबात नाही. पण पोटदुखी, पांढरं जाणं, खाली ओढ लागणं अशा कोणत्याही तक्रारीला एकच उत्तर मिळत असेल, तर पुढची बाई तक्रार घेऊन दवाखान्यात जाईलच कशाला? पिशवी काढण्याची भीती हा उपचारापुढचा मोठा अडसर आहे आणि तो दवाखान्यांनीच उभा केला आहे.

त्याच्याही आधीचा अडसर म्हणजे कोणी विचारतच नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधीतरी अंतर्तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तेव्हापासून बाळंतपणं घरातून दवाखान्यात आली, हा फार मोठा बदल आहे. पण टाके घालून बाईला घरी सोडल्यावर तिच्या अंगाचं काय झालं हे बघायची सवय त्याबरोबर आली नाही. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. म्हणजे दारापर्यंत जाणारं माणूस आहे. पण त्या भेटींचा सगळा भर बाळावर असतो: वजन, ताप, अंगावर पिणं. आईला विचारलं जातं ते ताप, रक्तस्राव, घाण वासाचा स्राव, झटके, स्तनांचा त्रास एवढंच. लघवी न कळत सुटते का, वारा सरताना रोखता येतो का, खाली काही लागतं का, हे तीन प्रश्न त्या यादीत घातले तर कागदाच्या अर्ध्या ओळीत मावतील.

प्रश्न कसा विचारला जातो यावरही बरंच अवलंबून आहे. ‘काही तक्रार आहे का?’ याला उत्तर ‘नाही’ असंच येतं, विशेषतः सासू शेजारी बसलेली असताना. ‘उकिडवं बसल्यावर हाताला काही लागतं का?’, ‘संध्याकाळी खाली जड होतं का?’, ‘हंडा उचलताना लघवी सुटते का?’ असं विचारलं की बाई बोलते. तिच्या आईला आणि सासूलाही तेच झालेलं असतं, म्हणून तिला ते दुखणं न वाटता बाईच्या जन्माबरोबर येणारी गोष्ट वाटते. नवऱ्याला सांगितलेलं नसतं. जवळीक टाळण्याचं कारण त्याला भलतंच वाटत राहतं. रिंग घातलेली असताना शरीरसंबंध ठेवता येतो हे सांगायला पाहिजे आणि ते नवऱ्यालाही कळायला पाहिजे, नाही तर तो विषय निघाला की रिंग काढून ठेवली जाते आणि परत बसवली जात नाही. रिंग हे गर्भनिरोधक नाही, हेही त्याच वेळी सांगावं.

समजा बाई निघाली. ओपीडी सकाळची. अंग मात्र दिवसभर उभं राहून काम केल्यावर, संध्याकाळी सगळ्यात खाली आलेलं असतं. रात्रभर आडवी राहून सकाळी आलेल्या बाईला पाठीवर निजवून तपासलं तर सगळं आत गेलेलं असतं आणि केसपेपरवर ‘काही विशेष नाही’ असं पडतं. ही चूक वारंवार होते. ती टाळायला यंत्र लागत नाही: बाईला कुंथायला, खोकायला लावायचं, तरीही दिसलं नाही तर उभं करून, एक पाय पायरीवर ठेवून तपासायचं. तिला स्वतःलाही हे माहीत असेल तर ती डॉक्टरांना सांगू शकते. पण तपासणी टेबल दाराच्या समोर, पडदा अर्धा, आणि शेजारी दुसऱ्या बाईचं रक्तदाब मोजणं चाललेलं, अशा ठिकाणी कुंथून दाखवा म्हटलं तर कोण दाखवेल? दाराला आतून कडी आणि खोलीच्या आत किंवा लगेच बाहेर संडास, या दोन सोयी रिंग बसवण्याच्या जागेला लागतात. रिंगपेक्षा त्याच अवघड झाल्या आहेत.

शिवाय आमच्याकडे एक अवघड वेळापत्रक आहे. सरकारी कार्यक्रमांच्या हिशोबात बाळंतिणीचा काळ ४२ दिवसांवर संपतो. रिंग बसवायला मात्र साधारण सहा आठवडे थांबणं चांगलं, कारण तोवर शरीर बरंच आवळून येतं. म्हणजे जेव्हा रिंगचा विचार सुरू व्हायला हवा, तेव्हाच बाई यादीतून गळते. याच सुमारास ती माहेराहून सासरी जाते आणि माहेरच्या आशाताईच्या वहीतलं तिचं पान सासरच्या आशाताईला कधीच मिळत नाही. त्या पहिल्या काही महिन्यांत मापही बदलतं. सहाव्या आठवड्याला बसवलेली रिंग पुढे मोठी वाटू शकते, म्हणून तीन महिन्यांनी माप पुन्हा पाहावं. अंगावर पाजणाऱ्या बाईची योनी कोरडी असते, त्यामुळे रिंग काढता-घालताना जेली जास्त लागते. पाळी गेलेल्या बाईला याच कारणासाठी डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम देतात.

पहिल्या महिन्यांत रिंगबरोबर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवायला हवा. वारा अडवायचा तसं आत-वर ओढायचं, सहा ते आठ सेकंद धरायचं, सोडायचं, असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखून, पोट किंवा ढुंगण आवळून केलं तर उलटा दाब खाली येतो. पोटपट्टी कचकचीत बांधण्यानेही तेच होतं. बद्धकोष्ठ असेल तर रिंग टिकणार नाही, म्हणून पाणी, पालेभाज्या आणि गरज लागली तर मऊ शौचाचं औषध हेही उपचारातच धरा.

रिंग कोणाला चालत नाही? योनीचं तोंड फार सैल, चार बोटांहून रुंद असेल, किंवा बाळंतपणात फाटलेला योनी-गुदामधला भाग नीट शिवला गेला नसेल तर रिंगला खाली टेकू राहत नाही. तिथे आधी ती फाट दुरुस्त करावी लागते. वारा किंवा पातळ शौच रोखता येत नसेल तर गुदद्वाराचा स्नायू फाटलेला असू शकतो. बाळंतपणानंतर लगेच गुदद्वारातून बोट घालून तपासलं तर ही फाट सापडते. टाके घालण्याच्या घाईत ती तपासणी राहून जाते आणि वर्षानुवर्षं बाई लग्नकार्यात जाणं टाळत राहते. हे रिंगचं काम नाही. आणि लघवी थेंबथेंब, रात्रंदिवस, खोकल्याशिवायही गळत असेल, तर अडलेल्या बाळंतपणात बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये वाट (फिस्टुला) पडलेली असू शकते. ती गळती साधारण बाळंतपणानंतर तीन ते दहा दिवसांत सुरू होते. वाट ताजी आणि बारीक असेल तर चार ते सहा आठवडे मूत्रनळी ठेवल्याने आपोआप भरूनही येते. म्हणून अशा बाईला ‘टाके भरले की थांबेल’ असं म्हणून घरी पाठवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तिला त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवायला हवं.

रिंग घातल्यावर काय बिघडतं तेही स्पष्ट सांगतो. पांढरा स्राव थोडा वाढतो आणि तो चालतो. त्याला घाण वास आला, हिरवट-पिवळा झाला किंवा रक्त दिसलं तर रिंग काढून तपासायचं. काहींना रिंग बसल्यावर खोकताना लघवी सुटायला लागते, जी आधी सुटत नव्हती. खाली आलेल्या मूत्राशयामुळे नळी वाकलेली होती आणि गळती दबलेली होती, ती अंग वर गेल्यावर उघडी पडते. हे आधी सांगितलं नाही तर बाईला वाटतं की रिंगनेच नवं दुखणं दिलं. सगळ्यात गंभीर चूक म्हणजे रिंग विसरणं. वर्षानुवर्षं न काढलेली रिंग भिंतीत रुतते, जखम करते आणि क्वचित मूत्राशयात किंवा गुदाशयात वाट पाडते. पाठपुरावा होणार नसेल तर रिंग बसवू नये, या मताचे डॉक्टर म्हणूनच आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. पण त्यावर उत्तर आहे: बाईला स्वतःला रिंग काढायला शिकवणं. ब्रिटनमध्ये ३४० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत स्वतः रिंग सांभाळणाऱ्या आणि दवाखान्यात जाणाऱ्या गटांच्या जीवनमानात फरक पडला नाही आणि स्वतः सांभाळणाऱ्यांना गुंतागुंत कमी झाली.

शिकवायला वीस मिनिटं लागतात. नखं कापून, हात धुऊन, उकिडवं बसायचं किंवा एक पाय पाटावर ठेवायचा. तर्जनी आत घालून पुढच्या हाडामागे रिंगची कड शोधायची, बोट तिच्यात अडकवायचं आणि हलकेच कुंथत खाली-बाहेर ओढायचं. कड सापडत नसेल तर रिंगला दात साफ करायचा जाड धागा बांधून ठेवतात, तो धरून ओढायची. आठवड्या-पंधरवड्याने रात्री काढावी, साध्या साबणाने धुऊन कोरडी ठेवावी, सकाळी दुमडून घालावी. डेटॉलसारखं जंतुनाशक लावू नये, आग होते. पहिल्यांदा दवाखान्यातच, नर्ससमोर, बाईने स्वतःच्या हाताने एकदा काढून घालून दाखवावी. स्वतःच्या अंगाला असा हात लावण्याची तिची ही पहिलीच वेळ असू शकते, तेव्हा घाई करू नये.

आणि रिंग म्हणजे शस्त्रक्रियेला शत्रू नव्हे. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीत रिंगने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी दोन वर्षांत शस्त्रक्रियेकडे वळल्या. मुलं अजून हवी असताना, अंगावर पाजत असताना, हंगाम चालू असताना, किंवा शस्त्रक्रिया नकोच असताना रिंग हाताशी हवी. नेपाळमध्ये २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अंग बाहेर येणं हा स्त्रियांच्या प्रजनन हक्काचा प्रश्न मानला आणि सरकारला त्यावर काम करायला लावलं. आपल्याकडे त्यासाठी न्यायालयापर्यंत जायची गरज पडू नये. ग्रामीण रुग्णालयाच्या मागणीपत्रात रिंगांचा संच ही एक ओळ लिहायची आहे.

दवाखान्यात जाणाऱ्या बाईने एवढं म्हणावं: ‘उभं राहिल्यावर अंग बाहेर येतं, मला कुंथायला लावून तपासा.’ ‘रिंगची मापं आहेत का? नसतील तर कुठे मिळतील?’ पिशवी काढायला सांगितलं तर ‘आधार दुरुस्त करणार आहात का?’ एवढा एक प्रश्न जरूर विचारावा. रिंग बसली की कार्डावर माप, प्रकार आणि पुन्हा यायची तारीख लिहून घ्यावी, आणि कार्ड स्वतःजवळ ठेवावं. पहिली फेरी एक-दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची तीन महिन्यांची तारीख हंगामात पडते, तेव्हा ती गावाहून सुटण्याआधीच माप पुन्हा पाहून द्यावं आणि कारखान्याच्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयाचं नावही त्याच कार्डावर लिहून द्यावं.